फुग्यावरचा हात

साहिल, तो मोबाइल पालथा घाल आन् मुकाट बस. का, ते कळंल पुढं.

गेल्या मार्गशीर्षातली आमुशा, शुक्रवार. आपला धुळाजी मला म्हणला, कोंडिबा, पोरगी पौडला उतरतीया, तेवढी जीपनं गावाला, मालेला घेऊन ये. समीक्षा त्याची एकुलती. कळप विकून शिकवली तिला. दम कोंडलेल्या माणसाला हवा कशी द्यायची, त्याचं शिक्षण. सोमवारी शेवटची परीक्षा व्हती. पास झाली तर हॉस्पिटलात कायम, न्हाईतर म्हाताऱ्याला परत दुसऱ्याची मेंढरं राखायची.

जीपमधी तिच्या मांडीवर पिशवी. काय गं हे, म्हणलं, तर बैलाच्या मुसक्यावानी एक मास्क दाखवला, मागं रबरी फुगा. दाबला की हवा आत जाती. सरावाला आणलाय म्हणली. मी बी येडा, गाडी हाणत राहिलो. अरं, मयताच्या तोंडावरची वस्तू आपण उंबऱ्याच्या आत घेतो का कधी? तो फुगा मयताचा व्हता. हे तिनं नंतर सांगितलं.

त्याच्या पंधरा दिवस आधी बांधाच्या भांडणात हैबतरावाला भावकीनं कोयत्यानं तोडला. वरचा मधला दात सुदिक पाडला. अँब्युलन्समधी शिकाऊ म्हणून समीक्षा उशाशी, फुगा दाबतीया. सहा सेकंदाला एकदा. त्याचे डोळे उघडे, हिच्यावर. पिरंगुटच्या चढाला मोबाइल थरथरला. परीक्षेचं हॉलतिकीट. हिनं फुगा सोडला आन् वाचाया लागली. अर्धा मिनिट असंल. वर बघितलं तर डोळे तसेच, पण बुबुळ थिजलेलं.

कुणापाशी बोलली न्हाई. टाकायच्या डब्यातनं तोच फुगा काढला, गरम पाण्यानं धुतला, सरावाला ठेवला.

तर त्या रात्री, पावणेदोन. धुळाजी पडवीत, पोरगी आत, कडी घालून. घोंगडीचं गाठोडं वळलं, त्याचं केलं डोसकं, वर मास्क. एक, दोन, सहापातूर मोजायचं आन् दाबायचं. धुळाजी पडल्या पडल्या ऐकत व्हता.

मोजणं थांबलं.

फुग्याचा आवाज चालूच.

आत समीक्षानं हात काढला व्हता. तरी घोंगडी वर आली... खाली गेली... वर आली.

मग तिचं मनगट धरलं कुणी. हाड मोडल्यालं धुळाजीनं भाईर ऐकलं. पोरगी भितीवर आदळली. परत आदळली. मास्क तिच्याच तोंडावर बसला. दाब. दाब. सोडायला येळच न्हाई. छाती फुगली... एक बरगडी गेली. दुसरी गेली. नाकातनं रगात.

धुळाजीनं कुऱ्हाडीनं दार फोडलं. आत दुसरं कुणी न्हाई. पोरगी भुईवर, आन् फुगा आपला आपण दबतोय. बापानं दोन्ही हातांनी मास्क वढला. निघंना. वढता वढता कडेला जरा फट पडली, तेवढ्यात ती बोलली,

"मी हात सोडला व्हता."

...

फुगा थांबला.

मीच न्हेली तिला पौडच्या दवाखान्यात. सोमवारची परीक्षा हुकली. बरी झाल्यावर पैल्यांदा हैबतरावाच्या बायकोकडं गेली, नलिनीकडं, आन् सगळं सांगितलं. त्या बाईनं दार लावून घेतलं. समीक्षा पुढल्या परीक्षेला बसली. बाहुल्याला हवा द्यायची व्हती. परीक्षक बास म्हणले, तरी हात सोडंना. दोघांनी मिळून बोटं उकलली तिची. पास झाली, व्हय.

मास्क धुळाजीनं माझ्याकडं दिला, वढ्यापल्याड जाळाया. जाळायच्या आधी बॅटरी मारून बघितला. आतल्या अंगाला, कडेला, दात रुतल्याले. लई खोल.

समीक्षाचे दात सगळे शाबूत हायेत.

त्या खुणांमधी वरचा मधला न्हाई.