वहीतली शेवटची ओळ

मुकादमाचा फोन आला तेव्हा ती ऑफिसच्या पायऱ्या चढत होती.

"ताई, शाळेच्या शेडचा खांब वाकला. कालच्या वाऱ्यानं. आजपर्यंत शाळेला सुट्टी, पोरं आत नव्हती, म्हणून निभावलं. पण तुमचे मोठे साहेब म्हणतायत, तुमच्या कॉम्प्युटरनं घात केला."

ऑफिसात तिला सगळे 'मीटर' म्हणत. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बांधकामाची गणितं करणारा कॉम्प्युटर तिच्याच हवाली होता. तीन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या मालकीण मॅडमच्या परवानगीनं तिनं त्याचा वेग वाढवला होता.

मॅडमच्या खोलीत कॉम्प्युटर चालू होता. मोठे इंजिनिअर खिडकीशी हाताची घडी घालून उभे होते.

"स्क्रीन बघ," मॅडम म्हणाल्या. सेटिंगच्या पानावर प्रोसेसरचा वेग होता ५.१ गिगाहर्ट्झ. "हा आकडा तुझा?"

"नाही. माझा ४.८."

"मग काय भुतानं टाकला?" मोठे इंजिनिअर म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो, बैलाला घोड्यासारखा पळवू नका, वेग ताणला की गणितं चुकतात. मॅडम, हिला आजच घरी पाठवा. उद्या कुणाचं पोर मेलं तर?"

तिनं आधी टेबलावरचा शेडच्या गणिताचा छापील गठ्ठा ओढला. सुरुवात सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. शेवट दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. पान एक, दोन, तीन, पाच. तिनं पुन्हा चाळलं. पाच.

"मॅडम, मला पाव तास द्या. याच सेटिंगवर एक मोठं गणित लावते."

"लाव."

पंखे घोंघावू लागले. तिनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"शेडचं गणित कुणी लावलं होतं?" तिनं विचारलं.

"मी," मोठे इंजिनिअर म्हणाले. "तुला का जबाब द्यायचा?"

"मी विचारतेय असं समजा," मॅडम म्हणाल्या.

"मध्ये कुठे अडलं?" तिनं पुढे विचारलं.

"छे. सहा तास सरळ चाललं."

"त्यानंतर सेटिंगला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. तू ठेवलंस तसंच आहे."

"माझी चाचण्यांची वही वाचलीत?"

"तुझ्या वहीशी मला काय देणंघेणं?"

अकराव्या मिनिटाला स्क्रीन गोठली. बाण जागच्या जागी थिजला.

"बघा, बिघडलाय!" मोठे इंजिनिअर ओरडले.

"हो. ५.१ वर बिघडतोच." ती त्यांच्याकडे वळली. "मग सहा तास सरळ कसा चालला, साहेब? म्हणजे तेव्हा ५.१ नव्हताच."

तिनं पिशवीतून चौकटीची वही काढून मॅडमसमोर उघडली.

"मी वेग एकेक पायरी वाढवला. दर पायरीला व्होल्टेज आणि तापमान लिहिलं, दिवसभर चाचणी घेतली. मेमरीचंही तसंच. हद्द सापडेपर्यंत वर जायचं आणि मग मागे यायचं, हीच रीत. म्हणून शेवटची ओळ ५.१ आहे. समासात पेन्सिलीनं काय लिहिलंय?"

मॅडमनी चष्मा लावला. "'अकरा मिनिटांत गोठला. परत ४.८.' आणि ४.८ भोवती चौकोन."

"नेमका ५.१ कुणाला सुचेल? ज्यानं वही चोरून वाचली आणि शेवटच्या ओळीलाच माझं सेटिंग समजला, त्यालाच. आज सकाळी खांबाची बातमी आल्यावर तो आकडा टाकला. आकडा उचललात, साहेब, समास नाही वाचलात."

"कशावरून मी? पुरावा आहे?"

"चौथं पान कुठाय?"

मोठ्या इंजिनिअरांनी गठ्ठा स्वतःकडे ओढला.

तिनं कॉम्प्युटर बंद केला, वेग ४.८ वर आणला आणि पुन्हा चालू केला. "मूळ फाइल पुसली असेल. पण सगळ्या फाइलींची रोज एक नक्कल मी दुसऱ्या डिस्कवर ठेवते."

चौथं पान उघडलं. शेडवर येणारे भार. छताचं वजन बरोबर. पत्र्यांचं बरोबर. वाऱ्याचा भार: शून्य. भरणारा आणि तपासणारा म्हणून मोठ्या इंजिनिअरांचंच नाव.

"घाई होती," ते पुटपुटले. "एक शून्य राहिलं. माणसाच्या हातून चूक होते."

"चूक झाली तेव्हा सांगायचं होतं!" तिनं टेबलावर हात आपटला. "ती माझ्या गळ्यात बांधून बाकीचे अकरा खांब तसेच उभे ठेवणार होतात. उद्या शाळा भरली असती. तुमच्या त्या एका शून्याखाली पोरं बसली असती."

मॅडमनी मोठ्या इंजिनिअरांपुढे हात केला. "ऑफिसच्या किल्ल्या."

किल्ल्या टेबलावर पडायच्या आत तिनं मुकादमाला फोन लावला. "उद्या एकही पोर शेडखाली जाऊ देऊ नका."