नाळेखालचा कप्पा

होडी दुरुस्त करायची ठरवली तेव्हा परेश जोगच्या डोक्यात भूतबीत काही नव्हतं. हरिहरेश्वरच्या अलीकडे त्याची सुपारीची वाडी, म्हसळ्याला कचेरीत नोकरी, आणि हातोडी धरायची म्हटली की आधी चष्मा शोधायला लागणारा हा माणूस. पण चिराग गेल्यापासून घर खायला उठत होतं. चिराग हा त्याचा एकुलता एक मुलगा. पर्यटकांना फिरवायला म्हणून त्याने जुनी फायबरची होडी घेतली होती. दिवाळीनंतर एका दुपारी तो एकटाच बाहेर पडला. होडी खडकावर आपटून, फुटून किनाऱ्याला लागली. तो लागला नाही.

त्याची आई कुमुद तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून असे. पुढ्यात ठेवलेलं ताट तसंच उचलावं लागे. पोराची होडी पुन्हा उभी केली तर ती निदान उठून बघायला येईल, एवढीच परेशची आशा. याला कुणी वेडेपणा म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा ते ताट उचलून बघावं.

होडी टेम्पोत चढवायला त्याने सदूला बोलावलं. सदू कोळ्यानेच चिरागला होडी हाकायला शिकवलं होतं. तो आला, पण होडीला हात लावेना.

“परेशभाऊ, ही वर नेऊ नका,” तो हळूच म्हणाला. “माणूस टाकून आलेली होडी आमच्या बंदरात कोण दुरुस्त करत न्हाय. पुळणीवर पालथी घालायची, फुटकी बाजू दर्याकडं. भोक बुजवायचं न्हाय.”

“का?”

“आत कोण राह्यला असंल... त्याला जायाची वाट दिसाया हवी.”

परेशने मान डोलावली, दुसरी माणसं आणली आणि होडी वाडीत आणून विहिरीपाशी ठेवली. जागा अडचणीची, म्हणून तिचं तोंड घराच्या मागच्या दाराकडे आलं.

मोबाइलवर व्हिडिओ बघत तो काम शिकला. पहिल्यांदा रेझिनमध्ये, म्हणजे फायबर सांधायच्या पातळ चिकात, ते घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला आणि डब्यातच त्याचा धोंडा झाला. दुसऱ्यांदा कमी पडला, तर थर दोन दिवस चिकटच. फायबरमधल्या काचेच्या कुसांनी हात खाजून लाल झाले. रेझिनचा उग्र वास वाडीभर रेंगाळायचा, आमटीलासुद्धा तोच वास यायचा. होडी फुटली होती नाळेला, पुढच्या टोकाला. तिथे आत एक बंद कप्पा असतो. होडी तरंगावी म्हणून त्यात नुसती हवा कोंडलेली असते. फुटलेल्या कडा घासून, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर एकावर एक चढवून परेशने तो कप्पा अखेर बंद केला. फार दिवसांनी आपल्या हातून काहीतरी धड झालं असं त्याला वाटलं.

थर नीट बसलाय की नाही ते ठोकून कळतं. बसला असेल तिथे टणक आवाज येतो, पोकळ असेल तिथे बद्द. दिवेलागणीला परेशने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नाळेवर दोनदा ठोकलं.

आतून दोनदा ठोकलं गेलं.

खेकडा अडकला असेल, तो मनाशी म्हणाला. ऊन उतरलं की फायबर आवळतं, त्याचा आवाज असेल. मग त्याने तीनदा ठोकलं. आतून तीनदा आलं, सावकाश, जसं त्याने ठोकलं होतं तसंच. मागे वळून बघतो तर कुमुद मागच्या दाराची चौकट धरून उभी होती.

“तोच आहे...” ती म्हणाली.

त्या दिवसापासून कुमुद उठली. वेणीफणी करायला लागली. माकडं घुसतात म्हणून दोन्ही दारांना कुलूप घालायची, चावी कमरेला खोचायची आणि पालथ्या बादलीवर होडीला टेकून बसायची. चहा तिथेच, जेवणही तिथेच. बांगडीने हलकेच वाजवायची, उत्तर आलं की कलम मोहरलंय, गाय व्यायली, असलं काहीबाही सांगायची. परेशला रात्री झोप लागत नव्हती, अंगावर काटा राहायचा. आणि तरी, खरं सांगायचं तर, तो सुखात होता. बायको दोन घास खात होती.

“अहो, त्याला बाहेर काढा ना,” ती रोज म्हणायची.

“काढू. थर पक्का होऊ दे.”

थर केव्हाच पक्का झाला होता. पण कापल्यावर आत काहीच निघालं नाही तर? कुमुद पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल, आणि या खेपेला उठणार नाही. म्हणून त्याने फायबर कापायचा ग्राइंडर ताडपत्रीखाली लपवून ठेवला.

आणि आतला आवाज मंदावत गेला. आधी लगेच यायचा, मग उशिरा. मग ठोकणं बंदच झालं, नुसतं घासणं उरलं, नखांनी घासावं तसं. एका संध्याकाळी कुमुद नाळेला कान लावून बसली ती हलेचना.

“त्याला श्वास पुरत नाहीये हो...”

परेशने ग्राइंडर काढला. पांढरी धूळ उडाली, जळका वास नाकात गेला. आपण लावलेला थर आपणच कापत होतो. तुकडा निघाला. त्याने आत टॉर्च मारला. कप्पा रिकामा, कोरडा ठणठणीत.

मग त्याने हातातला तुकडा उलटा केला. आतल्या बाजूला, दगडासारख्या घट्ट झालेल्या रेझिनमध्ये, एका तळव्याचा ठसा रुतलेला होता. पाची बोटं स्पष्ट. त्यावर आडवेतिडवे ओरखडे, एकावर एक, शेवटचे अगदी पुसट. पोर आत घुसमटत होतं आणि आपण बाहेर चहा पीत बसलो होतो. आपण त्याला कोंडलं, आणि कळूनही कोंडून ठेवलं. तुकडा लपवायला त्याला जागा सुचेना. कुमुदने तो त्याच्या हातून घेतला, पदराने पुसला, त्या तळव्यावर आपला तळवा ठेवला.

“गेला?” तिने विचारलं. “समुद्राकडे गेला ना?”

कापलेलं भोक घराच्या मागच्या दाराकडे तोंड करून होतं. समुद्र पार वाडीच्या पलीकडे होता.

तेवढ्यात ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. घराच्या मागच्या दारावर... आतून.

घरात कुणी नव्हतं. दाराला बाहेरून कुलूप होतं. कुमुदने कमरेची चावी काढली. पोर उशिरा घरी आलं की आईचा चेहरा होतो तसा तिचा झाला होता.

“कुमुद... थांब.”

“अजून किती ताटकळत ठेवायचं त्याला?”

ती पायरीवर गेली. कुलपाकडे हात नेला आणि थबकली. पुन्हा ठोकलं गेलं. आवाज कडीपाशी नव्हता, दाराच्या मध्यावरही नव्हता. अगदी तळाशी, उंबऱ्याला लागून होता. कुमुद हळूच गुडघ्यांवर बसली आणि तिने दाराखालच्या फटीशी तोंड नेलं.

“असा खाली का रे पडलायस?” ती म्हणाली, आणि बसल्या बसल्याच हात वर करून तिने कुलपात चावी घातली.