मिन्नाच्या वेणीची गुटी

सांगते, बाई, पण मध्येच उठून जाऊ नका. त्या दुपारी मी मिन्नासाठी पेज घेऊन तिच्या खोलीत निघाले होते, एवढंच. कुन्नूरला दुपारीच धुकं उतरतं, तसं उतरलेलं. मी साहेबाकडची आया. बाईसाहेब गेल्यावर त्यांच्या मिन्नाला मीच वाढवलं.

रायनहोल्ड साहेब सरकारी बागेचा मुख्य. बेळ्ळी माळी म्हणायचा, "साहेबानं काठी खोचली तरी तिला पालवी फुटंल!" पण पोरीच्या तापापुढं साहेबाचं काही चालेना. डॉक्टरनंही हात टेकले होते.

खोलीत ओल्या शेवाळाचा वास कोंडला होता. कपाळावरची गार पट्टी मिन्नानं नेहमीसारखी सरकवून टाकलेली. आणि साहेब... तिच्या वेणीला शेवाळ गुंडाळून वरून सुतळी आवळत होता. झाड मरायला टेकलं की फांदीला अशीच गुटी बांधतात. मुळं फुटली की फांदी कापून कुंडीत लावतात.

"अहो साहेब, काय चालवलंय हे? पोर आहे ती, पेरूचं झाड नव्हे!"

"झाड जातं, आया... फांदी राहते."

असा संताप आला! पण बापानं करावं तरी काय?

मिन्ना क्षीण हसली. "आया, मानेत गुदगुल्या होतात गं..."

रविवारी पोर गेली. शवपेटीत ठेवताना दिसलं, वेणी कापलेली. म्हटलं, बापाच्या जिवाला तेवढाच आधार.

पुढं बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी साहेबानं मला बागेतल्या काचघरात बोलावलं. कुंडीच्या काठावरून वेणी लोंबत होती. टोकाला मीच बांधलेली निळी फीत. आणि फितीच्या पुढं... चार बोटं नवे, मऊ केस.

साहेब गुडघ्यांवर बसला होता, डोळे सुजलेले. "मातीला हात लाव, आया."

लावला. चटका बसला, बाई.

"कालपासून ताप चढतोय," तो लहान पोरासारखा रडायला लागला. "तेव्हासारखाच... आता मी काय करू? सांग ना!"

मी फडकं गार पाण्यात पिळलं आणि मातीवर ठेवलं. दोघंही बघत बसलो.

थोड्या वेळानं फडकं हळूच एका बाजूला सरकलं.