दर्शनची काडी

शुभांगी गवस यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात त्यांचा मुलगा होता. म्हणजे त्याच्या चोवीस वर्षांच्या आठवणी. परदेशी शांतिसेनेत जाणाऱ्या प्रत्येक जवानाच्या हेल्मेटात आताशा एक चकती बसवतात. मेंदूतलं जुनं-नवं सगळं ती टिपून ठेवते. आफ्रिकेतल्या एका दवाखान्यावर बॉम्ब पडला, दर्शननं तिथल्या नर्सला बाहेर ढकललं आणि तो आतच राहिला. चकती तेवढी घरी आली.

"याला स्मृतिकलम म्हणतात," डॉ. फर्नांडिस समजावू लागले. "चकतीतल्या आठवणी दुसऱ्या मेंदूत रुजवायच्या. पण एकदाच, कारण रुजवताना चकती रिकामी होते."

"कलमाचं मला सांगता होय?" शुभांगीबाई फणकारल्या. सावंतवाडीजवळ त्यांची आंब्याची नर्सरी होती. "एक काडी, ती बांधायला एकच खुंट. पुढं बोला."

पुढचं बोलणं डॉक्टरांना जड गेलं. मेंदू कोवळा असेल तरच हे कलम धरतं. शुभांगीबाईंच्या साठीच्या मेंदूत ते चार दिवस टिकेल, मग सुकेल. तिकडे ती नर्स, बावीस वर्षांची न्याबोल, डोक्याला मार लागून पडली होती. काल भेटलेलं माणूस तिला आज ओळखू येत नव्हतं. या आठवणींचा आधार मिळाला, तर तिच्या तुटलेल्या पेशी पुन्हा जोडल्या जाणार होत्या.

"माझं पोर मी परक्याला देऊ? चार दिवस तर चार दिवस, मला ते हवेत!" डबा छातीशी धरून त्या तडक घरी आल्या.

आठवडाभर डबा देवघरात राहिला. आठव्या दिवशी रोपांना पाणी घालताना त्यांचा हात थांबला. वाळत चाललेल्या खोडावर काडी बांधायची चूक त्यांनी जन्मात केली नव्हती. त्या तिथंच चिखलात बसून पोटभर रडल्या आणि मग डॉक्टरांना फोन लावला.

दीड वर्षानं न्याबोल आली. उंच पोरगी, कपाळावर व्रण. फाटकाची अडकणारी कडी तिनं कुणाला न विचारता वर उचलून सरकवली आणि ती थेट विहिरीजवळच्या मोकळ्या जागेपाशी जाऊन थांबली.

"आये," ती अडखळत मराठीत म्हणाली, "इथलं पायरीचं कलम मेलं ना, त्याची पट्टी मीच सोडली होती. धरलंय का बघायला. तू उगाच मालूकाकूच्या बकरीवर आळ घेतलास."

त्या बकरीपायी शुभांगीबाई शेजारच्या मालूशी बारा वर्षं बोलत नव्हत्या.

"तू कोण आहेस गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज सकाळी मीही हेच विचारते. मला माझी आई आठवते आणि तूही आठवतेस." मग ती घाबरून एक पाऊल मागं सरली. "मारशील?"

"मारीन तर! एवढं मोठं भांडण लावून दिलंस मेल्या!" त्यांनी डोळे पुसले, तिचा कान धरला आणि कुंपणापाशी नेऊन हाक मारली, "मालू, बाहेर ये गं!"

मालू पदराला हात पुसत बाहेर आली, बघतच राहिली. "अगो बाई! ही कोण?"

शुभांगीबाईंनी कान सोडला नाही. "घरचंच पोर आहे," त्या म्हणाल्या. "तुझी माफी मागायला आलंय."