काट्याखालचे दगड

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच हातून घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मला ती कुठेतरी सांगायची आहे, कारण जिला सांगायला हवी तिला मी अजून सांगितलेली नाही.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. जिंतूरच्या पुढे, जंगलाच्या हद्दीला लागून डोंगरावर एक सपाट माळ आहे. आसपास घर नाही. फक्त खाली एक छोटी वस्ती. तिथे माझ्या सख्ख्या भावाने, बालाजीदादाने, तंबू लावून कॅम्पिंग सुरू करायचं ठरवलं. परभणीहून पहिले पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार होते. याआधीचे त्याचे दोन्ही धंदे बसले होते. "राजे, हे बी जमलं न्हाई तर मला कोण दारात उभं करंल?" असं मला, धाकट्या बहिणीला, म्हणायचा.

तयारीला आम्ही आदल्या दिवशीच वर गेलो. दादा, त्याचा मित्र प्रीतम आणि स्वयंपाकाला मी. माझं तान्हं बाळ पेडगावला आईकडे ठेवलं होतं.

दिवस मावळला आणि कळलं, गॅसची शेगडी घरीच राहिली. प्रीतम चुलीसाठी दगड शोधायला गेला. तीन छान चपटे दगड घेऊन आला.

"कुठं सापडले?" मी विचारलं.

"तिकडं उतारावर, ताई. बाभळीच्या काट्याखाली रचलेले होते. हात पार सोलला माझा."

मी पुढे केलेला हात मागे घेतला.

आमच्याकडे तान्हं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचतात आणि दगडांवर काटे टाकतात. खेड्यात वाढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

मला कळलं होतं.

पण दादा तंबूचे दोर बांधता बांधता शीळ घालत होता. किती तरी महिन्यांनी. म्हटलं, काटे काय, कुठेही पडलेले असतात.

चूल मी मांडली. काडीही मीच ओढली.

पिठलं झालं, भाकरी झाल्या. आम्ही जेवायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं...

रातकिडे गप्प झाले होते.

खालच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

आणि मग... खट्ट.

चुलीचा एक दगड मधोमध तडकला. त्या आवाजामागून दुसरा आवाज आला. अगदी बारीक. भुकेलं बाळ रडायच्या आधी कुरकुरतं ना, तसा.

"मांजर असंल," दादा म्हणाला.

"मला तर काईच ऐकू येईना," प्रीतम म्हणाला.

आवाज जंगलातून येत नव्हता. उतारावरूनही नाही...

चुलीतून येत होता.

माझा ब्लाऊज ओला झाला. पान्हा फुटला होता. कानाला भास होऊ शकतो, हे मी मान्य करते. पण अंगावर पाजणाऱ्या बायकांना विचारा, पान्हा असा उगीच फुटत नाही.

मी उठले आणि घागरभर पाणी चुलीवर ओतलं.

"येडी झालीस का?" दादा ओरडला. मी रडत रडत सगळं सांगितलं. तो रागावला नाही. टॉवेलात दगड गुंडाळून उताराकडे चालू लागला, मी त्याच्या मागोमाग. टॉर्चच्या उजेडात हातभर लांबीचा मातीचा उंचवटा दिसला. दोन दगड ठेवले. तिसऱ्याचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले, काजळीची बाजू खाली. वर काटे पसरले.

आवाज थांबला. झोप कुणालाच लागली नाही.

पहाटे, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तेव्हा एक तरुण बाई डोंगर चढून आली. हातात वाटीभर दूध. गोजरबाई तिचं नाव. वस्तीवरची टोळी त्याच सकाळी ऊसतोडीला निघणार होती.

"लेकराला सांगून जायलेय," ती मला म्हणाली. घरात झोपलेल्या लेकराबद्दल बोलावं इतक्या सहज.

तिने दूध वाहिलं. काट्यांतून हात घालून दगडांना लावला... आणि तशीच थांबली.

"दगडं गरम कशानं हायत?"

त्या दगडांवर घागरभर पाणी पडलं होतं. रात्रभर दव पडलं होतं. मी हात लावून पाहिला... नुकतेच चुलीवरून उतरवल्यासारखे होते.

"कालच्या उन्हानं असतील," मी म्हणाले.

तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं, ताई. थंडीत गारठत असंल म्हणून माझा डोळा लागंना. ऊब हाय म्हणल्यावर आता निवांत जाते." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी ती दृष्ट काढून घेतली. लाज वाटली, तरी घेतली.

पाहुणे आले, दादाचा कॅम्प चालला. मी घरी आले तर माझं दूध आटलेलं. डॉक्टर म्हणाल्या, दगदगीने होतं असं. बाळाला बाटली लावली.

चैत्रात टोळी परतली. या वेळी सांगायचंच, असं ठरवून मी बाळाला कडेवर घेऊन वर गेले. गोजरबाई तिथेच होती. भर दुपार. माळावर पाय ठेववत नव्हता. तिने दगडांवर हात ठेवला... आणि झटकन मागे घेतला.

"गार हायत. बर्फावानी."

मीही हात लावला. खरंच गार होते.

तिने काटे बाजूला केले. तडकलेल्या दगडाचा एक तुकडा उचलला, उलटा केला. काजळीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"ताई, त्या दिशी ते ऊन न्हवतं ना?"

सगळे शब्द ठरवून गेले होते. मी फक्त बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

तिने दोन्ही तुकडे पदरात घेतले आणि उतार उतरू लागली. चालता चालता ती पदर थोपटत होती.

आणि तो आवाज आला. तीच कुरकुर... तिच्या पदरातून.

माझा ब्लाऊज ओला झाला. कडेवर माझं स्वतःचं बाळ बाटली चोखत होतं. त्याच्यासाठी त्या रात्रीनंतर एक थेंबही आला नव्हता.