चार वाजता मोजलेले श्वास

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्याच घरात घडली, अजून घडते आहे. भूत म्हटलं की मध्यरात्रच हवी असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबावं. माझ्याकडे जे होतं ते भर दुपारी, बरोबर चार वाजता, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत. ट्यूबलाइट चालू असते. बाहेर मुलं सायकली फिरवत असतात.

मी सोफे शिवतो. जुने सोफे येतात, मी ते उसवतो आणि नवा फोम, नवं कापड घालतो. खोलीत एक शिलाई मशीन, कापायचं मोठं टेबल, आणि टेबलाखाली आमचा कुत्रा.

त्याचं नाव शेठ. तयार झालेल्या प्रत्येक सोफ्यावर पहिला तोच बसायचा आणि उतरायचं नाव घ्यायचा नाही, म्हणून. खरा तो ताईचा. आम्ही दोघं बहीणभाऊच राहतो. ती सकाळी कामावर जाते ती सहाला येते, तोवर शेठ माझ्या भरवशावर.

बारा वर्षांचा झाला आणि त्याला विचित्र झटके यायला लागले. मान ताणून उभा राहायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा... घर्र... घर्र... घर्र. मिनिटभरात काही झालंच नाही अशा थाटात शेपटी हलवायचा.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ही उलटी शिंक. तुमच्या फोमचा भुसा नाकात जातो. घाबरू नका, गळा चोळा, थांबेल."

मग त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"हे मात्र वेगळं आहे. हृदय मोठं झालंय, फुप्फुसात पाणी साठू शकतं. गोळी सुरू करू. आणि रोज गाढ झोपला की मिनिटभर श्वास मोजा. छाती वर गेली, खाली आली, की एक. तीसच्या वर गेले तर त्याच दिवशी घेऊन या."

ताईने फ्रिजवर तक्ता चिकटवला. "चार वाजता झोपलेला असतो. मोजशील ना रे नक्की?"

"मिनिटभराचं तर काम. मोजतो की."

पहिले चार दिवस मोजले. बावीस, तेवीस, बावीस, चोवीस.

मग एका हॉटेलच्या चाळीस खुर्च्या आल्या. चार वाजता मशीन भरात असायचं. ते थांबवा, खाली वाका, घड्याळ बघा... जिवावर यायचं. म्हणून पाणी प्यायला उठलो की आकडा लिहून टाकायचो. बावीस. तेवीस. मध्येच एखादा पंचवीस, खरं वाटावं म्हणून.

ताईने तक्त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला. त्या खूश झाल्या. "छान आहेत आकडे. आता अर्धी गोळी देऊन बघू. मोजणं मात्र सोडू नका."

ताई रोज सकाळी सुरीने गोळीचे दोन तुकडे करायची.

मी समोर चहा पीत बसलेला असायचो.

अर्ध्या गोळीच्या नवव्या दिवशी, शुक्रवारी, शेठ गेला. टेबलाखालीच. मशीनच्या आवाजात मला घर्र ऐकू आलं होतं. वाटलं, उलटी शिंक आहे, थांबेल.

थांबलं.

ताई त्या रात्री फ्रिजसमोर उभी होती. "कालसुद्धा तेवीसच होते रे. म्हणजे गोळीनेच झालं. मीच अर्धी केली ना."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच केलं.

महिना झाला असेल. चार वाजता मशीनचा दोरा तुटला. खोली शांत झाली.

आणि टेबलाखालून...

श्वास.

झोपलेल्या कुत्र्याचा. मी वाकून पाहिलं. रेक्झिनचा तुकडा होता, त्याच्यावर तो झोपायचा. शेठ नव्हता. पण जमिनीवरचा भुसा हलत होता... पुढे... मागे.

का कोण जाणे, मी घड्याळाकडे बघून मोजायला लागलो. चोवीस. मिनिट संपलं आणि आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सव्वीस.

पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. सत्तावीस. मग एकोणतीस.

पाचव्या दिवशी एकतीस.

चौतीस. अडतीस. त्रेचाळीस.

नवव्या दिवशी घर्र... आणि काहीच नाही.

दहाव्या दिवशी परत चोवीस.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हे त्याचे शेवटचे नऊ दिवस होते. अर्धी गोळी गुरुवारी सुरू झाली होती. पाचवा दिवस, आकडा तीसच्या वर गेला तो, म्हणजे सोमवार. ताईने तक्ता कपाटात जपून ठेवलाय. तो काढून पाहिला. सोमवारपुढे माझ्या अक्षरात बावीस लिहिलेलं होतं. आमच्या हातात चार दिवस होते.

याला आठ महिने झाले. नऊ दिवस सरतात, परत पहिल्यापासून सुरू होतं. ताईला काही ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी ती याच खोलीत बसून भाजी निवडते आणि मी मान खाली घालून मोजत असतो.

परवा शेजारच्या काकूंनी तिला पिल्लू देऊ केलं. छान होतं. तिने कुशीत घेतलं आणि लगेच परत दिलं.

"नको काकू. एक गेलाय माझ्या हातून."

मी तिथेच उभा होतो.

ताई, झोपण्याआधी तू हे भुतांच्या गोष्टींचं पेज वाचतेस, मला माहीत आहे. एव्हाना ओळखलंही असशील. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. गोळी तू अर्धी केलीस ती माझ्या आकड्यांवर. आणि मी मोजलेच नव्हते गं.

आज नववा दिवस आहे. आत्ता चार वाजलेत. मशीन बंद करून मी टेबलाशेजारी जमिनीवर बसलोय.

घर्र सुरू झालंय...

डावा हात आत घातलाय. त्याचा गळा जिथे असायचा तिथे चोळतोय. हाताला काही लागत नाही. दुसऱ्या हाताने हे लिहितोय.

दर वेळी एव्हाना सगळं शांत होतं.

मिनिट कधीच होऊन गेलंय. आज श्वास थांबलेला नाही.