सेडीचं तळघर

सेडीची बर्फावरची मोटरगाडी समुद्रावरचा बर्फ संपतो तिथे, मोकळ्या पाण्याच्या काठावर सापडली, हे वायरलेसवर कळलं तेव्हा तिचा नवरा एनोक दारात शिकार केलेला सील मासा सोलत बसला होता. गाडीचं इंजिन चालू होतं. सेडी नव्हती. गावाने आठवडाभर बर्फाच्या कडा धुंडाळल्या. हाती काही लागलं नाही.

हिवाळा सरला आणि देवमाशांचे दिवस जवळ आले. अलास्काच्या त्या उत्तर किनाऱ्यावर शिकारीआधी होडीच्या मालकाची बायको गोठलेल्या जमिनीत खणलेलं मांसाचं तळघर साफ करते. जुनं मांस काढायचं, रक्त खरवडायचं, ताजा बर्फ पसरायचा. घाणेरड्या घरात देवमासा येत नाही, असं तिथे मानतात. सेडी गेल्यापासून एनोकने तळघर उघडलंच नव्हतं.

तिची थोरली बहीण फ्लोरा आली.

"मी करते रे साफ. नाहीतर तुझी माणसं दुसऱ्याच्या होडीत जाऊन बसतील."

"बसू देत, ताई."

"आणि वर्षभर खाशील काय? दुकानातले डबे? सेडीने त्यातलाच एक तुझ्या डोक्यात घातला असता."

बऱ्याच दिवसांनी त्याला हसू आलं. तो फावडं घेऊन निघाला.

झाकणावर बर्फ दगडासारखा बसला होता. तो फोडून दोघं शिडीने उतरली. गेल्या उन्हाळ्यात इथे घोटाभर पाणी साचलं होतं. कायम गोठलेली जमीन हल्ली वितळत होती, गावातली सगळीच तळघरं गळत होती.

एनोकने दिवा वर धरला.

पाणी नव्हतं. जुन्या मांसाचा तुकडाही नव्हता. खाली कोरडा, ताजा बर्फ पसरलेला, त्यावर पक्ष्याच्या पंखाने झाडल्याच्या बारीक रेघा.

"कुणी केलं हे?" फ्लोराने विचारलं.

"झाकण तर आत्ता आपणच फोडलं."

तो गुडघ्यांवर बसून निरखू लागला. झाडणारी बाई आतून सुरुवात करते आणि मागे सरकत शिडीपाशी येते, म्हणजे पावलं उमटत नाहीत. या रेघा शिडीपासून निघून मागच्या भिंतीपाशी संपल्या होत्या.

त्याने त्या भिंतीला हात लावला. हात चिकटला. सोडवताना कातडी निघाली.

"वर चल," फ्लोरा हळूच म्हणाली.

शिकारीच्या पहिल्याच दिवशी एनोकच्या होडीला देवमासा मिळाला. उन्हाळ्यात बाकी सगळ्यांच्या तळघरांत पाणी भरलं आणि अख्ख्या गावाचं मांस त्याच्याकडे आलं.

"काका, खाली फ्रीज बसवलात की काय?" त्याच्या होडीवरचा भालेवाला कुनुक म्हणाला.

एनोकने झाकण लावलं. गारवा त्या एका भिंतीतून येत होता.

एका सकाळी तो कुदळ घेऊन उतरला. आधी भिंतीला कान लावला.

आत कुणीतरी झाडत होतं.

फ्लोरा शिडीवर उभी होती. "फोडलीस तर गार राहील का रे हे?"

"नाही राहणार."

"मग गाव काय खाईल?"

त्याने कुदळ खाली ठेवली. झाडण्याचा आवाज थांबला.

भिंत खणायची राहिली आहे.